चौकट आली, रेघ नाही

४ जून

ही वही तूच दिलीस हे तुझ्या लक्षात नसणार, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून ठेवते. जाताना दारात उभी राहून म्हणालीस, "आजी, जे घडेल ते यात सांगत जा, मी आले की वाचेन." आणि त्याच दमात छत्री, कपाटाची किल्ली आणि एका जोडातली एकच चप्पल इथं टाकून गेलीस. दुसरी बॅगेत नेलीस. इतकी शिकलीस, पण पाय दोन असतात हे काही तुझ्या डोक्यात राहिलं नाही. ही वही तरी वाचायची आठवण ठेव.

मला अक्षर येत नाही, तेव्हा मी सांगते आणि तुझी आई लिहून घेते. ती दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांना "आता खालची ओळ वाचा" म्हणून दमून येते आणि संध्याकाळी माझ्यासमोर बसते. सूनबाईला बजावलंय, जसं बोलेन तसं लिही, मध्ये तुझी अक्कल घालू नकोस. हेही लिही म्हटलं. लिहिलं बिचारीनं.

तुझ्या बाबाचं काम तुला माहीत आहे, पण वर्षभरात तेही विसरशील. एका कंपनीनं गणिताचं सॉफ्टवेअर काढलंय. त्यात समीकरण घातलं की ते सोडवून देतं, आलेख काढून देतं. गावोगावचे मास्तर, इंजिनीअर, धरणावरची माणसं ते वापरतात आणि ज्याचं अडतं तो पत्र पाठवतो. उत्तर वेडंवाकडं येतंय, आलेख उमटतच नाही, आम्ही काय करावं? त्या पत्रांना घरी बसून उत्तरं देणारा तुझा बाबा. एकवीस वर्षं झाली. खिडकीपाशी टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, बाजूच्या वेताच्या खुर्चीत मी.

आईला वाचता येत नाही हे लहानपणी कळल्यापासून तो दिसेल ते मोठ्यानं वाचायचा. दुकानांच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, बसवरचे आकडे. ती खोड गेली नाही. अजूनही प्रत्येक पत्र मोठ्यानं वाचतो, उत्तर आधी मला समजावतो आणि मगच पाठवतो. "आई, तुला कळलं म्हणजे कुणालाही कळेल," असं म्हणतो. हा माझा मान की अपमान, ते एकवीस वर्षांत ठरलेलं नाही.

आज एवढं पुरे. तुझ्या आईचा हात दुखतोय आणि माझी जीभ.

८ जून

आज पाणीबाईचं पत्र आलं. खरं नाव काय असेल ते असो, मी सगळ्यांना नावं ठेवलीत. ती कुठल्याशा तलावाची पातळी रोज मोजते. लिहिते, "आलेखाची चौकट येते, आडवी-उभी रेघ येते, आकडे येतात, पण आत काहीच नाही."

तुझ्या बाबानं वाचलं आणि बसून राहिला. बराच वेळ. मला वाटलं विचार करतोय. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "अरे, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

तो हसला, "हां हां हां," म्हणाला आणि खटाखट उत्तर लिहिलं.

तुला कळलं नसेल. मला लिहून ठेवता येत नाही, म्हणून मी प्रत्येक दुखण्याला एकेक म्हण बांधून ठेवलीय. समीकरणातल्या एखाद्या अक्षराला किंमतच दिलेली नसली तर यंत्र बिचारं आकडा आणणार कुठून? चौकट काढतं आणि गप्प बसतं. तो आड आणि पोहरा. कधी माणूस कालची ओळ कागदावरून पुसतो, तरी यंत्राच्या पोटात कालचीच किंमत असते आणि नवं गणित त्यावरच चालतं. तो सुंभ जळला तरी पीळ न गेलेला. त्याला आठवण पुसायला लावायची आणि पहिल्या ओळीपासून सगळं पुन्हा चालवायचं. आणि आलेखातला एखादा उंचवटा दिसतच नसला, तर यंत्रानं शितावरून भाताची परीक्षा केलेली असते. ते सगळीकडे मोजत नाही. थोडे थोडे ठिपके बघतं आणि मधली रेघ आपल्या मनानं ओढतं. ठिपके वाढवायला सांगायचं.

हे लिहिताना तुझी आई थांबली. "आई, उत्तर तुम्ही सांगितलंत?"

"सांगितलं कसलं? आठवण केली. दमतो गं तो हल्ली."

पुढे लिहीना. म्हटलं शाई संपली का? म्हणाली, नाही.

१७ जून

आज एकच पत्र दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा वाचलं, उत्तर दिलं, चहा प्यायला आणि पुन्हा तेच मोठ्यानं. मी म्हटलं, "आता तुझीच आठवण पुसून पहिल्या ओळीपासून चालवायला हवं." एरवी अशा टोमण्यावर दोन टोमणे परत मिळतात. आज म्हणाला, "हे आधी वाचलं का मी?"

मला जरा वाईट वाटलं. छप्पन वर्षांचा झाला तरी तोंड पडलं की सहा वर्षांचा दिसतो.

२ जुलै

कंसवाल्या मास्तरांना पाणीबाईचं उत्तर गेलं, आणि पाणीबाईला मास्तरांचं. हे मास्तर गोल कंसाच्या जागी चौकोनी घालतात आणि मग यंत्र ऐकत नाही म्हणून रडतात. त्यांना काल तलावाची पातळी कशी नीट करायची ते कळलं. त्यांनी उलट लिहिलं, "आमच्या शाळेत तलाव नाही." मी हसून हसून लोळायची राहिले.

कंपनीच्या मुख्य बाईंना हसू आलं नाही. त्या वयानं तुझ्या आईएवढ्या असतील, आवाज गोड, पण त्यांचा फोन आला की तुझा बाबा उभा राहून बोलतो. आज फोन ठेवून बराच वेळ उभाच होता.

"काय म्हणाल्या?"

"हे तिसऱ्यांदा झालं म्हणाल्या."

मला पहिल्या दोन वेळांचं माहीत नव्हतं. मी असताना झालं नसणार. मी दुपारी जरा झोपते तेव्हा झालं असेल. उद्यापासून दुपारची झोप बंद.

९ जुलै

आज मी एक दिवस घराबाहेर. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, म्हणून सूनबाईनं रजा घेऊन डॉक्टरांकडे नेलं. सकाळी निघालो, तीनला परत आलो. तेवढ्यात व्हायचं ते झालं.

पाणीबाईचं पुन्हा पत्र होतं. जुनी किंमत पोटात अडकली होती, साधं काम. आठवण पुसा, पुन्हा चालवा. तुझ्या बाबानं लिहिलं, फाइल पुसा. आठवण नाही, फाइल. ती भली बाई, त्याच्यावर विश्वास. पुसली. तीन वर्षांची रोजची पातळी त्यात होती.

आम्ही आलो तेव्हा तो खुर्चीत बसून पडद्याकडे बघत होता. म्हणाला, "आई, तू नव्हतीस."

एवढंच म्हणाला. तक्रार नाही, राग नाही. दिवा नव्हता म्हणून ठेच लागली, असं माणूस सांगतो तसं.

आत्ता लिहिताना सूनबाईनं विचारलं, "आई, खरं सांगा. दिवसातल्या किती पत्रांची उत्तरं तुम्ही सांगता?"

मी म्हटलं, "सगळी नाही हं. दहातली सहा."

"आणि मागच्या वर्षी?"

"तेव्हा दोन-तीन. अगं, तोंडपाठ आहेत मला, सांगितलं तर बिघडलं कुठे?"

तिनं पेन ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ चालू होता. मला वाटलं भांडी राहिली असतील. पण भांडी तर मी मघाशीच घासली होती.

आली आणि म्हणाली, "सांगा पुढे." पुढे काही नव्हतं.

११ जुलै

मुख्य बाईंनी स्पष्ट सांगितलं. सव्वीस तारखेला त्या समोर पडद्यावर बसणार. पाच पत्रं देणार. त्याच्या त्यानं उत्तरं द्यायची. जमली तर काम चालू, नाहीतर टेबल सोडायचं. पाणीबाईचं प्रकरण वर गेलंय, त्यांच्याही हातात फार नाही.

माझ्या लेकाला दुसरं काही येत नाही. खिळा ठोकायला सांग, भिंत वाचली तर नशीब. त्याला या खिडकीपाशी बसून लोकांचे अडलेले आलेख सोडवणं येतं आणि तेच आवडतं. ते गेलं तर त्यानं करायचं काय, याचं उत्तर माझ्या एकाही म्हणीत नाही.

सूनबाई म्हणते आधी डॉक्टरांना दाखवू. तो म्हणतो सव्वीस होऊ दे.

१३ जुलै

आज आमचं भांडण झालं. माझं आणि लिहून घेणारीचं. तिला म्हटलं, हेही लिही, दोन्ही बाजूंनी लिही.

झालं असं की तुझा बाबा मला म्हणाला, "आई, सव्वीसला तू जवळ बस. काही बोलू नकोस. नुसती बस." मी हो म्हटलं. सूनबाई दारात उभी राहून ऐकत होती.

"आई, तुम्ही बसलात की बोलाल."

"मी कशाला बोलेन?"

"तुम्ही आजवर कधी गप्प बसलायत?"

हे मात्र खरं.

मग ती हळूच म्हणाली, "तुम्ही बोललात तर ते पास होतील आणि मग डॉक्टरांकडे कधीच येणार नाहीत. त्यांना थकवा नाही आलेला, आई. दुसरं काहीतरी आहे. दुकानातून येताना मी रोज मनाशी घोकते की आज विचारायचं. घरी येते तर सगळं ठीक असतं. ते ठीक का असतं, ते मला ही वही लिहिताना कळलं."

मी म्हटलं, "आणि मी नाही बोलले तर काय होईल?"

उत्तर तिलाही माहीत होतं आणि मलाही. तुझ्या आजीनं आयुष्यात पहिल्यांदा सुनेपुढे हार पत्करली. तारीख नीट लिही म्हटलं, पुन्हा असं होणार नाही.

२५ जुलै

उजळणी करून घेतली. कंस, कोनाचं माप, जुनी किंमत, ठिपके. सकाळी सगळं आलं. दुपारी निम्मं. संध्याकाळी त्यानं मलाच विचारलं, "आई, तुला हे सगळं कुणी शिकवलं?"

"एका शहाण्यानं."

"चांगलं शिकवलंय," म्हणाला.

२६ जुलै

आज सगळं सांगते, मधलं काही गाळू नकोस.

सकाळी त्यानं दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. मला वेताच्या खुर्चीत बसवलं. सूनबाई रजा घेऊन दारापाशी. पडद्यावर मुख्य बाई आल्या. त्यांच्या मागे पुस्तकांचं कपाट आणि एक झोपलेलं मांजर. "घाई नाही, सावकाश," म्हणाल्या. बाई वाईट नाही, हे मी तेव्हाच ओळखलं.

पहिलं पत्र कंसाचं. चुटकीसरशी सोडवलं. दुसरं कोनाचं. लाट यायला हवी तिथं भलतंच काहीतरी येत होतं. हा जरा अडखळला, पण बरोबर बोलला, "तुम्ही अंशात मोजताय, यंत्र दुसऱ्या मापात मोजतंय." सूनबाईनं श्वास सोडला तो मला ऐकू आला. माझ्या मनात आलं, उगाच घाबरलो आपण, दमला होता, दुसरं काय.

तिसरं पत्र त्यानं मोठ्यानं वाचलं. "चौकट येते, पण रेघ येत नाही."

आणि थांबला.

हे पत्र त्यानं हजारदा सोडवलंय. त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पडद्याकडे बघत राहिला. पुन्हा वाचलं. बोटं टेबलावर ठेवली, उचलली, ठेवली. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं.

ते बघणं कसं होतं ते मला सांगता येत नाही. चालायला शिकताना तो असाच मागे वळून बघायचा, हात धरलाय ना.

मी खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं. एक, दोन, तीन, चार. जिभेवर आड आणि पोहरा दोन्ही आले होते, ओठ दाताखाली धरून ठेवले. पाचवी चादर. मी वळले नाही. माझ्या लेकानं हात मागितला आणि मी चादरी मोजत बसले.

मग तो आपला पडद्याकडे वळला आणि अगदी मोकळेपणानं म्हणाला, "एक मिनिट हं. हे आईला माहीत आहे. आई सांगेल."

लाज नाही, घाबरणं नाही. शेजारच्या टेबलावरच्या हुशार माणसाला विचारतो म्हणावं, तसं.

मुख्य बाई म्हणाल्या, "आजी आहेत का तिथे?"

आता लपायचं कशाला? मी खुर्ची पुढे ओढली. म्हटलं, "नमस्कार. त्यांना सांगा, समीकरणातल्या एका अक्षराला किंमत द्यायची राहिलीय. आधी किंमत द्या, मग चालवा. रेघ येईल."

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "आजी, तुम्ही कधीपासून सांगताय?"

मी सूनबाईकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. म्हटलं, "दोन वर्षं होतील."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. उरलेली दोन पत्रं त्यांनी काढलीच नाहीत. तुझा बाबा मात्र खूश. माझ्या खांद्यावर थाप मारून बाईंना म्हणाला, "बघितलंत? म्हटलं नव्हतं?"

३० जुलै

डॉक्टर तरुण आहे, बोलायला बरा. त्यानं सांगितलं, शंभरातून सात वजा करत जा. तुझा बाबा त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी करत जो सुटला तो थेट दोनपर्यंत उतरला. डॉक्टर पुरे म्हणत होते, हा थांबेना. मी म्हटलं, बघा, उगाच आणलं आम्ही.

मग विचारलं, "हा महिना कोणता?"

तुझा बाबा विचार करून म्हणाला, "तो दिलेला नाही."

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. ते मी इथं लिहू देणार नाही. कधी सुरू झालं म्हणून विचारलं. सूनबाई म्हणाली, "मला या दोन महिन्यांतच जाणवलं." ती खोटं बोलत नव्हती. सकाळी निघताना एक ठिपका बघायची, संध्याकाळी आल्यावर एक, आणि मधला दिवस मनानं ओढून घ्यायची. मधले सगळे ठिपके माझ्याकडे होते. मला वाटायचं मी लेकाला मदत करतेय.

विचारलं डॉक्टरांना, दोन वर्षांपूर्वी आणलं असतं तर? ते म्हणाले, "थोडा वेळ मिळाला असता. नियोजनाला." आणि लगेच, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका." मनाला लावून घेऊ नका म्हणे. मग कुठे लावून घेऊ, कोपराला?

परत येताना गाडीत तो दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत होता. मी सगळ्या ऐकल्या.

२१ ऑगस्ट

कंपनीनं पत्रं बंद केली. कॉम्प्युटर घरचाच आहे, तो राहिला. मुख्य बाईंनी स्वतः फोन करून कळवलं की पाणीबाईची फाइल कुठल्याशा जुन्या प्रतीतून परत मिळाली. मी त्यांचे आभार मानले. तुझ्या बाबाला सांगितलं तर म्हणाला, "कोण पाणीबाई?"

सकाळी नऊ वाजले की तो टेबलापाशी जाऊन बसतोच. पत्र नाही आलं की अस्वस्थ होतो. म्हणून मीच पत्रं आणते. "अरे, एका म्हातारीचं पत्र आलंय, तिचं उत्तर उलटंच येतंय." तो विचारतो, कंस बघितले का? मी म्हणते, बघते हं. मग तो मला समजावतो, मी अजिबात कळत नाही असं दाखवते. म्हातारी फार मठ्ठ आहे. तिचं रोज एक पत्र येतं.

१२ सप्टेंबर

आज कागदावर काढत बसला होता. एक आडवी रेघ, एक उभी, त्यावर बारीक खुणा, अगदी सारख्या अंतरावर. मग पेन्सिल हवेत धरून थांबला. कागद बाजूला ठेवला, नवा घेतला. आडवी, उभी, खुणा. असे अकरा कागद. सूनबाई ते गोळा करत होती, मी म्हटलं, ठेव गं, फेकू नकोस.

३ ऑक्टोबर

आई सांगते आहे आणि मी लिहितो आहे. आई सांगते आहे आणि मी लिहितो आहे. आई सांगते आहे आणि मी लिहितो आहे. आई सांगते आहे. आई सांगते आहे. आई सांगते आहे आणि मी लिहितो आहे. आई

४ ऑक्टोबर

काल सूनबाईला दुकानातून यायला उशीर होणार होता, म्हणून तुझ्या बाबाला बसवलं. एरवी मी त्याला त्रास देत नाही, पण म्हटलं बघू. त्यानं वही घेतली आणि किती नेमानं लिहिलं! मी तासभर बोलले. त्याचा जन्म झाला त्या दिवसापासून सुरुवात केली. दाईनं कसं पालथं घालून थोपटलं, हा पहिले दोन दिवस रडलाच नाही म्हणून मी कशी भ्याले, शाळेत पहिल्या दिवशी पाटी वाचून दाखवायला पळत घरी कसा आला. एकदाही मध्ये अडवलं नाही. मान खाली घालून लिहीत होता. अक्षर अजून मोत्यासारखं आहे म्हणतात.

आज सूनबाईला म्हटलं, कालचं वाचून दाखव. तिनं वही उघडली, जरा वेळ पान बघितलं आणि वाचायला लागली. दाई आली, शाळा आली. पण मी म्हटलेलं एक वाक्य मागचं पुढे झालं आणि दोन वाक्यं तर मी बोललेच नव्हते. या घरात आणल्यापासून तिला त्याच्या जन्माची गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल, तिलाही पाठ झाली असणार.

मी म्हटलं, "छान लिहिलंय."

ती म्हणाली, "हो, आई. छान लिहिलंय."

मग तिनं नवं पान काढलं.

१९ ऑक्टोबर

पोरी, हे सगळं तुला कुणी कळवलं नाही. तुझी आई म्हणते शेवटचा पेपर होऊ दे, फोनवर सांगायची गोष्ट नाही. परीक्षा परवा संपली. आज ही वही पोस्टात टाकायला लावणार आहे. तिनं नाही म्हटलं नाही, मान हलवली.

आणखी एक कबूल करायचं राहिलंय. दर रविवारी तू फोन करतेस तेव्हा मी त्याच्या शेजारी बसलेली असते. मागच्या खेपेला तू आनंदानं ओरडलीस, "बाबा, माझ्या खोलीतल्या मैत्रिणीचं नाव लक्षात आहे तुमच्या!" बाई गं, ते मी त्याच्या कानात सांगितलं होतं. तिच्या दुखऱ्या गुडघ्याचं विचार, हेही मीच सांगितलं. तुझा रविवार मोडायचा नव्हता, म्हणून. पण एकदा मी असंच सांगत राहिले आणि त्याचं काय झालं ते तू वर वाचलंसच. या रविवारपासून मी उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसणार. तो अडखळेल. कदाचित, कोण बोलतंय, म्हणून विचारेल. फोन ठेवू नकोस. तुझं नाव सांग, कुणाची कोण ते सांग आणि बोलत राहा. तुझा आवाज त्याला आवडतो. तू फोन ठेवलास की अर्धा तास गुणगुणत असतो, कुणाचा होता ते ठाऊक नसलं तरी.

आणि ये. मिळेल त्या गाडीनं ये. त्याच्या तोंडून तुझं नाव अजून कधी कधी आपसूक निघतं, मी न सांगता. परवा सकाळी निघालं. खिडकीतून बघत म्हणाला, ती अजून उठली नाही का?

तुला निघायला चार दिवस तरी लागतील, तोवर त्याच्यासाठी द्राक्षं पाठव. हल्ली दुसरं काही मनापासून खात नाही, पण द्राक्षं एकेक करून सगळी संपवतो. इथं मिळतात त्यात बिया असतात. बी तोंडात आली की ती काढून हातावर घेतो, बराच वेळ बघतो आणि विचारतो, "आई, ही कुठे ठेवायची?" मी माझा हात पुढे करते. काल दुपारी मुठीत सतरा झाल्या. तेव्हा हिरवी पाठव, काळी पाठव, पण नीट विचारून घे आणि बिनबियांचीच पाठव.